जपानी पेटीची घोडी

आख्ख्या सोलापुरात माज्याइतका मोटा जपानी पेटी वाजिवनारा त्या काळात दुसरा कोनी नव्हता. म्हंजे आसं, की तसली पेटी आख्ख्या गावात माज्या म्हाईतीत एकच हुती, ती मोडकी हुती, आन ती माज्याजवळ हुती. आनखी कुनाकडं एकादी आसंल बी, एवढं मोटं गाव. पन मी काय शोदायला गेलो न्हाय. कशाला उगं आपला पैला नंबर घालवायचा.

पेटी म्हंजे भजनातली भात्याची पेटी न्हवं. हे आपलं हातभर लांब लाकडी खोकं. वरनं टायपायच्या मशिनीसारकी गोल बटनं, त्येच्या खालनं तारा गेल्याल्या. डाव्या हातानं बटनं दाबायची आन उजव्या हातात नखी धरून तारा छेडायच्या. आता तिला बेंजो म्हनत्यात, लगनाच्या वरातीत गाडीवर घालून कान फुटस्तोवर वाजिवत्यात. तवा आमी जपानी पेटी म्हनायचो, कारन खोक्यावर जपानी बाईचं चित्र हुतं. बाईचं तोंड खरवडून गेल्तं, नुस्ती छत्री ऱ्हायलीती. मला लिवता येत न्हाय, म्हनून मी बोलतोय आन धाकटी नात लिवून घेतीया. ती मधीच थांबून इचारती, आज्जा, हे आसंच लिवू का नीट करून लिवू. मी म्हनलं आसंच लिव, नीट केल्यावर त्यात मी कुटं सापडनार.

तवा मी सोळा-सतराचा आसन. मैंदर्गीचं घर का सुटलं ते घोळत बसत न्हाय. आई गेल्ती, बापानं दुसरी केल्ती, आन दुसरीला मी नको हुतो. त्यात तिची काय चूक न्हाय, मी मला सुदीक फारसा नको हुतो. वळकीच्या एका मुकादमानं मला गिरनीत खळीच्या खात्यात चिकटिवलं आन गिरनीच्या मागच्या चाळीत एका खोलीत नेऊन टाकलं. खळ म्हंजे सुताला लावायची कांजी. मोट्या हौदात रटरट शिजायची, आन ती बादल्यांनी इकडनं तिकडं न्ह्यायचं काम माजं. चार बादल्या नीट न्हेल्या की पाचवी मी माज्याच पायावर घ्यायचो. मुकादम म्हनायचा, ह्येचे पाय आता इस्त्री केल्यासारके ताठ व्हनार.

खोलीत आमी आटजन ऱ्हायचो. पन आटजन एकदम खोलीत आसल्याले मी कवाच बगितले नव्हते. निम्मे दिवसपाळीला, निम्मे रातपाळीला. वाकळा, म्हंजे गोदड्या, चारच. एक उटून कामाला गेला की त्येच्या वाकळंत दुसरा शिरायचा, म्हनून आमच्या वाकळा कवा गार झाल्याच न्हाईत. आन खोलीचा नेम एकच, तो बी कुनी सांगितल्याला न्हवं, तसाच चालत आल्याला. कोन ना कोन झोपल्यालं आसतंय, तवा हितं बोलायचं न्हाय. भांडं वाजवायचं न्हाय, खोकायचं तर भाईर जाऊन खोकायचं. मी मैंदर्गीचा, आमच्यात एक मानूस कन्नडात बोलतंय तर दुसरं मराटीत त्येच्यावर वरडतंय, आसं वाडल्यालं. हितं म्हैनाभर गप ऱ्हाऊन ऱ्हाऊन माजा आवाजच बसला. बाजारात गेलो तरी कुजबुजून बोलायचो. भाजीवाली म्हनायची, काय रं, चोरीचं वांगं घेतूस का.

खोलीत गप, आन भाईर तर उलटंच. पाटंचा भोंगा व्हायचा तो आदी पोटात वाजायचा, मग कानात. खिडकीच्या पल्याड साच्यांची, म्हंजे मागांची, खडखड, ती कवाच थांबायची न्हाय. पैल्यांदा झोप लागायची न्हाय त्येच्यानं, मग त्येच्याबिगर लागंना. नळावर बायका तेलगूत भांडायच्या. मला तेलगू येत नव्हतं, पन कोन बरोबर हाय ते मी आवाजावरनं ठरिवत बसायचो आन मनातल्या मनात न्याय करायचो. खोटं न्हाय सांगत, त्या दिसांत मला तेवढंच काम हुतं डोक्याला.

जेवायला चाळीखालीच चन्नव्वाची खानावळ. चन्नव्वा म्हंजे आमच्याच लिंगायतातली, अक्कलकोटाकडची, रंडकी बाई, पन्नाशीची, लई सोवळी. कडक भाकरी, शेंगाची चटनी, आंबाडीची पातळ भाजी, आन सनाला हुग्गी, म्हंजे गव्हाची खीर. आत पाटावर मानसं वळीनं बसायची. मला मातर ती पैल्याच दिवशी दारात आडीवली. खळीत जनावराची चरबी घालत्यात, सूत मऊ ऱ्हावं म्हनून, आन तो वास माज्या आंगाला. मला कुटं म्हाईत? मुकादमानं मला सांगितल्तं, हे मशिनीचं तूप हाय. मी गळ्यातलं लिंग दाखिवलं, आपलंच हाय की म्हनलं. चन्नव्वा म्हनली, लिंग आपलं हाय, वास कुनाचा हाय? तवापास्नं माजं ताट पायरीवर. आत हसन्या-बोलन्याचा आवाज, आन मी भाईर पायरीवर रस्त्याकडं तोंड करून भाकर मोडतोय. ती वाडायला भाईर यायची तवा मी कायतरी बोलून तिला हसवायचो, म्हंजे ती आनखी घडीभर थांबंल. ती मला हुच्चा म्हनायची, हुच्चा म्हंजे येडा. मला ते लई ग्वाड वाटायचं. दिसभरात मला हाक मारनारं ते एकच मानूस हुतं.

आता भिवातात्याचं सांगतो. भिवातात्या म्हंजे माज्या वाकळंचा वाटेकरी. सांगोल्याकडचा धनगर, चाळिशीच्या पुडचा, रातपाळीला. मी संद्याकाळी गिरनीतनं यायचो तवा उनं उतरल्याली आसायची आन तात्या भितीकडं तोंड करून झोपल्याला. मी खाली चन्नव्वाकडं जेवून वर येईस्तोवर तो उटून गेल्याला आसायचा. सकाळी तो यायच्या आदी मी भाईर. म्हंजे वरीसभरात मी तात्याचं तोंड नीट बगितलं नव्हतं, पन पाट मला माज्या तळहातापेक्षा म्हाईत हुती. डाव्या खांद्यावर जखमेचा जुना वन. श्वास घेतला की तो वन वर यायचा. जेवायच्या आदी घडीभर मी त्येच्या उशाला बसायचो, आन हळू आवाजात त्येला दिवसभराचं सगळं सांगायचो. आज बादली कुटं सांडली, मुकादमानं काय शिवी दिली, तेलगू बायांत कोन जितली. तात्या झोपल्याला. पन मधीच त्यो आंग हालवायचा, तवा मला वाटायचं, हां, ही गोष्ट त्येला आवडली. नात आत्ता म्हनती, आज्जा, मग तुमचा दोस्तच हुता की. मी म्हनलं, व्हय. माज्या बाजूनं हुता.

आन तात्या झोपीत मेंढरं बोलवायचा. चन्नव्वानं सांगितल्तं, की दुस्काळात त्येची मेंढरं गेली, म्हनून त्यो गिरनीत आला. रोज न्हवं, पन कवातरी त्यो झोपीतच गळ्यातनं एक लांब हाक काडायचा. हुर्रर्र करून सुरू व्हायची, मग वर जायची, आन वर जाऊन थरथरायची. वाऱ्यावर पदर हालतो तशी. लई बारीक आवाजात, पन आख्खी खोली त्येनं भरायची. झोपल्याले दुसरे कूस बदलायचे. मी तसाच बसून ऱ्हायचो. मला वाटायचं, ह्या हाकंला कायतरी जबाब द्याया पायजे. एवड्या लांबनं मानूस बोलावतंय आन कोन बी ‘आलो’ म्हनत न्हाय, हे काय बरं न्हाय.

तर पेटी. करीमचाचा म्हनून एक बँडवाला हुता, लगनात तुतारी फुंकायचा, दुपारचा चन्नव्वाच्या पायरीसमोरच्या लिंबाखाली बसायचा. सुट्टीदिवशी मी त्येला त्येच्याच बँडची नक्कल करून दाखवायचो. ढोलवाला दारू पिऊन आलाय, तुतारीत माशी गेलीया, आसलं कायतरी. एका दिवशी त्यो हसून हसून वाकला, आन उटून घरनं ती पेटी घेऊन आला. घोडी तुटल्याली, बटनं निम्मी अडकल्याली. मला म्हनला, “ले जा रे. तेरे जैसी इच है, सूर में नै.”

मी ती फडक्यात गुंडाळून खोलीत आनली. तारा नीट केल्या, बटनं तेल घालून मोकळी केली. घोडी मातर नवी करायला लागनार हुती. घोडी म्हंजे तारा ज्येच्यावरनं जात्यात ती उबी फळी. ती नसली तर तारा नुस्त्या लोळत्यात, तापानं पडल्याल्या मानसासारक्या. मी गिरनीतल्या मागावरच्या मोडक्या धोट्याचं लाकूड आनलं, लई कडक लाकूड, आन आट दिस काचंच्या तुकड्यानं घासून घोडी केली. मग प्रश्न आला, ती बसवायची कशी.

करीमचाचाला इचारलं. त्येनं घोडी हातात घेऊन फिरिवली आन म्हनला, “कील ठोक के बिठाया तो सूर नै हिलता, मगर रोता बी नै. खुल्ली छोड्या तो रोता है, फिर जिदर मर्जी उदर भाग जाता.” म्हंजे असं, की घोडी खिळा मारून पक्की बसिवली की गानं बरोबर वाजतंय, पन सुराला थरथर येत न्हाय. नुस्ती तारांच्या दाबावर मोकळी ठेवली, आन वाजिवताना तळहातानं घोडी जराशी दाबली, की सूर हालतोय, रडतोय. पन मग ती सरकती आन आख्खी पेटी बेसूर.

मी म्हनलं, चाचा, मला दोनी पायजे.

“दोनो नै मिलता,” चाचा म्हनला. “मिलता तो मैं बँड में कायकू रहता.”

आता हसू येतंय. परवाच थोरल्या नातवानं गिटार आनलंय, लायटीवर चालनारं, आवाज आसा की शेजारचं कुत्रं घर सोडून गेलं. त्येच्या घोडीला एक दांडी हाय. दांडी हालीवली की सूर थरथरतोय. त्यो आन त्येचा दोस्त चार दिस वाद घालत हुते, की घोडी खाली लाकडाला टेकवून बसवायची का स्प्रिंगावर तरंगती ठेवायची. टेकिवली तर सूर पक्का पन खालीच वाकतोय, तरंगती ठेवली तर दोनीकडं हालतंय पन एक तार तुटली की सगळ्या बिगडत्यात. मी खाटंवर पडल्या पडल्या ऐकत हुतो. मनात म्हनलं, साट वर्सं झाली, हे पोरगं माज्याच खोलीत बसलंय. मी त्येला म्हनलं, बाबा, मला इचार, मी ह्या इषयातला जुना मानूस हाय. त्यो म्हनला, आज्जा तुमी झोपा.

मला दोनी का पायजे हुतं ते सांगतो. गड्ड्याची जत्रा जवळ आल्ती, संक्रांतीची. बाकीच्या सुट्टीला खोलीतली मानसं आपापल्या गावाला पळायची. दिवसभर खोली मोकळी, आन मी एकटा. गप बसायचा नेम नसल्याला तेवढाच दिवस, आन बोलायला कोनी न्हाय. पन जत्रंला कोनी गावाला जात न्हाय, गावंच सोलापुराला येत्यात. गिरनी बंद. म्हंजे वरसातनं एक दिवस, ज्या दिवशी आमी आटजन एकदम खोलीत, आन आटीजन जागे. भिवातात्या जागा. मी ठरिवलं, त्या दिवशी पेटी वाजवायची. आदी एक भजन, लोकांना बरं वाटावं म्हनून, त्येला पक्का सूर पायजे. आन मग तात्याची हाक. तीच, झोपीतली, वर जाऊन थरथरनारी. तात्यानं ऐकावं, दचकून वर बगावं, आन त्येला कळावं की वरीसभर कोनतरी त्येच्या उशाला बसून ऐकत हुतं. मला आनखी काय नको हुतं. तात्यानं माज्याकडं उगड्या डोळ्यांनी एकदा बगायला पायजे हुतं.

आदी एका सुट्टीला खिळं मारून बगितलं. भजन झ्याक वाजलं. हाक वाजिवली तर कोनतरी दारावर कडी आपटतंय आसं वाटलं. खिळं उपटलं, मोकळी ठिवली. हाक जरा जमली, पन भजनात घोडी सरकत सरकत पार बटनांपतूर गेली, दोरी सुटल्याल्या म्हशीवानी. सरस लावावा म्हनलं तर सरस म्हंजे पुन्ना पक्कं, खिळ्यासारकंच. मग माज्या डोक्यात आलं, आन हे डोकं मी आजवर कुनाला दिलं न्हाय कारन कोनी घेत न्हाय, की आपल्या खात्यातली खळ लावली तर? खळ चिकटती बी आन चरबीमुळं मऊ बी ऱ्हाती. सूत धरून ठेवती पन मोडू देत न्हाय. माज्या म्हाईतीत जगात चिकटवायची वस्तू तीच एक. सुतार आसतो तर सरस लावला आसता, चांभार आसतो तर लुकन लावली आसती. मी खळीतला. कामावरनं येताना एका पानात गोळाभर दाट खळ घेऊन आलो, घोडीच्या पायाला लावली, वरनं तारा ताणल्या, आन वाळाय ठिवली.

पुडच्या सुट्टीला खोली मोकळी झाली तवा दार लावून बसलो. आदी भजन. घोडी जागची हालली न्हाय. मग तळहात घोडीच्या मागं टेकिवला, तार छेडली, आन हळूच दाबलं. घोडी वाकली, आन सोडल्यावर आपनहून जागंवर आली. सूर वर गेला आन थरथरला. तात्याचीच हाक. काय फरक न्हाय. मी एवडा खरा वाजिवला, की वाजिवता वाजिवता भितीकडं बगितलं, तात्या उटून बसला का म्हनून. तितं नुस्ती वाकळ घडी करून ठेवल्याली. दुपारचं ऊन तिच्यावर पडल्यालं. मी त्या वाकळंकडं बगून आनखी चार-पाचदा वाजिवली. कोन ऐकत न्हाय ते एका अर्थी बरंच हुतं, कारन माजं नाक गळत हुतं आन दोनी हात कामात.

जत्रंचा दिवस उजाडला. दुपारी सगळे गड्ड्यावर जाऊन आले. कुनाच्या डोक्यावर नवी टोपी, कुनाच्या हातात चिरमुऱ्याची पुडी, आन पाय धुळीनं गुडघ्यापतूर पांढरे. उनं उतरायच्या आत सगळे खोलीत जमले, वरच्या खोलीतलेबी पाच-सात आले, कारन मी आट दिस आदीपास्नं सगळ्यांना सांगून ठेवल्यालं. चन्नव्वानं हुग्गीचं मोटं भगुलं वर पाटीवलं, सनाचं म्हनून, आन आपन दारात येऊन हुबी ऱ्हायली. आत आली न्हाय, पन आली. तात्या भितीला टेकून बसला हुता. मी त्येचं तोंड पैल्यांदा समोरनं बगितलं. डोळं बारीक, भुवया दाट. मला वाटलं हुतं त्येच्यापेक्षा वयस्कर दिसत हुता. त्येच्याकडं बगायला मला लाजच वाटली. इतक्या वळखीच्या मानसाला आसं पैल्यांदा कसं बगायचं.

आन हितंच माजं डोकं पुन्ना चाललं. खोली भरल्याली, पेटी ठेवायला जागा न्हाय. मांडीवर घेतली तर मागच्यांना दिसनार न्हाय. मधोमद हुग्गीचं भगुलं, वर परात झाकल्याली, मेजासारकी सपाट. मी पेटी परातीवर ठिवली. कुनीतरी म्हनलं, आरं खाली गरम हाय. मी म्हनलं, आसू द्या, सूर बी गरम निगतील. लोक हासले. मला बरं वाटलं, आन बरं वाटलं की माज्या कानावर पडदा येतोय, ते आजून बी तसंच हाय.

भजन झ्याक झालं. निम्मे लोक म्हनायला लागले, टाळ्या धरल्या. चन्नव्वानं दारातनं मान हालीवली. मी थांबलो न्हाय, लांबिवलं, एकदा झालं की पुन्ना धरलं, कारन आसं माज्यासंगट कुनी गायल्यालं मी पैल्यांदाच ऐकत हुतो. आन त्या सगळ्या येळात खालनं हुग्गीची वाफ परात तापवत हुती, परात पेटीला तापवत हुती, आन पेटीच्या पोटात खळीतली चरबी पातळ व्हायला लागलीती. मला काय पत्ता न्हाय.

मग मी हात वर करून सगळ्यांना गप केलं. मी म्हनलं, आता एक येगळं हाय. कुनाचं हाय ते ज्येचं त्येला कळंल. डोळं मिटलं, तळहात घोडीच्या मागं टेकिवला, आन तार छेडली. हुर्रर्र करून सुरवात झाली, वर गेली. आता थरथर, म्हनून दाबलं. घोडी वाकली. सोडली. घोडी परत आलीच न्हाय. ती पुडं पुडं झोपत गेली, हळूहळू, म्हातारं मानूस जिना उतरतंय तशी, आन तिच्यासंगट सूर खाली आला, आनखी खाली आला, मधी घोगरा झाला, शेवटाला ब्याऽऽऽ करून एकदा हिचकला आन खर्रर्र करून मेला. तारा बटनांवर लोळल्या. पेटीतनं गव्हाचा आन चरबीचा मिळून एक वास आला.

मग कोपऱ्यातनं कुनीतरी म्हनलं, “आरारा, बोकड कापलं की.”

आन खोली फुटली. आसं हसनं मी जलमात ऐकलं नव्हतं. एकमेकांच्या आंगावर पडायले. वरच्या खोलीतला एक ठसका लागून भाईर पळाला. चन्नव्वा तोंडाला पदर लावून दाराला धरून हुबी, हुच्चा, हुच्चा म्हनत. खोलीतली सात मानसं, वरीसभर ज्यांच्या पाठी बगितल्या, त्यांची समद्यांची तोंडं माज्याकडं, समद्यांचे डोळे उगडे, आन डोळ्यांतनं पानी. आन मी काय केलं? मी बोकडावानी जीब भाईर काडली आन मान टाकली. दुसरं काय सुचलंच न्हाय. मग तर आनखीच. पुन्ना कर, पुन्ना कर म्हनायले. मी घोडी बोटानं उबी धरून पुन्ना केलं, मग पुन्ना. पुडं आविष्यभर लोक मला बोलवून न्हेऊन हसत आले, जत्रंत, लगनात, बारशाला, त्येची सुरवात ही. बोकडाचं सोंग लई चाललं माजं. बार्शीला तर एकानं चांदीचं कडं दिल्तं त्येच्यावर.

पन तिसऱ्यांदा बोकड कापताना मी भितीकडं बगितलं, तर तितं तात्या नव्हता.

मी पेटी तशीच टाकली आन मानसांतनं पाय टाकत भाईर आलो. सगळ्यांना वाटलं, ह्येबी सोंगच हाय, माज्या मागं हसू लागले. तात्या चाळीच्या कटड्याला टेकून तंबाकू मळत हुता. खाली रस्त्यानं जत्रंची मानसं जात हुती, पोरांच्या हातात पिपान्या. मी त्येच्या बाजूला जाऊन हुबा ऱ्हायलो. पैल्यांदाच आमी दोगंबी एका येळी हुबे. त्यो माज्यापेक्षा चार बोटं बुटका हुता. झोपल्यावर मला लई लांब वाटायचा.

मी सगळं सांगून टाकलं, एका दमात, आन इतक्या दिसांनी पैल्यांदा कुजबुजलो न्हाय. सांगितलं, की ते बोकड न्हवतं. ती तुमची हाक हुती, मेंढरं बोलवायची, तुमी झोपीत बोलवताय ती. मी कवापास्नं ऐकतोय. घोडी खळीनं बसिवली म्हनून आसं झालं, न्हाईतर सुट्टीला लई सुरेक वाजलीती. खरंच वाजलीती, कोन नव्हतं ऐकायला. पुन्ना बसिवतो, नीट, खिळं मारून बसिवतो, थरथर कमी येईल पन हाक वळखू येईल. आसं कायबाय. बोलता बोलता मला कळत हुतं की मी गप बसाया पायजे, पन वरीसभराचं तुंबल्यालं, त्ये काय थांबतंय.

तात्या शेवटपतूर ऐकत हुता. मळून झालं, चुना पुसला, चिमूट दाढंला धरली. आत आजून लोक हसत हुते.

“मेंढरं आसं बोलिवल्यावर येत न्हाईत,” त्यो म्हनला. “पळत्यात.”

मी हसलो. म्हनलं चला, बोलला तरी. आन तितंच हुबा ऱ्हायलो, त्यो आनखी कायतरी म्हनंल म्हनून. तात्यानं खाली रस्त्यावर पिचकारी टाकली, त्वांड पुसलं, आन मग माज्याकडं बगितलं. नीट बगितलं, पायापास्नं डोक्यापतूर, दुसऱ्याच्या कळपातलं मेंढरू आपल्यात घुसल्यावर धनगर बगतोय तसं.

“आन तू कुटल्या खोलीतला रं?”